एक खटका, एक अंश

पावसाळ्यात आमच्याकडं वारं पश्चिमेकडनं, त्यामुळं सिममध्ये (कॉम्प्युटरवर विमान चालवायचा खेळ, फ्लाइट सिम्युलेटर) लाईव्ह वेदर, म्हणजे खरं हवामान, लावलं की सांबऱ्याला, आमच्या बेळगावच्या विमानतळावर, बहुतेक वेळा २६ नंबरच्या रनवेवरच उतरायला लागतं. माझा रोजचा रूट ठरलेला आहे, गोव्यातल्या दाभोळीहून सेस्ना १७२ हे छोटं विमान काढायचं, चोर्ल्याकडनं घाट ओलांडायचा, सरळ रेषेत पन्नासेक नॉटिकल मैल, अर्धा तास धरा, त्यातला निम्मा वेळ खाली नुसतं हिरवं रान. मग विमानतळाच्या दक्षिणेनं पूर्वेकडं जायचं हेडिंग (विमानाच्या तोंडाची दिशा, अंशात) ०८० धरून, याला डाउनविंड म्हणतात, डावीकडं वळून बेस, म्हणजे रनवेच्या रेषेकडं नेणारा आडवा टप्पा, ३५०, परत डावीकडं वळून फायनल, म्हणजे सरळ रनवेकडं, २६०. पोरखेळ आहे, ऑटोपायलटला फक्त हेडिंगचा नॉब फिरवून आकडा द्यायचा.

खरं मी घरी बनवलेल्या बॉक्सवरचा हेडिंगचा नॉब ३५० द्यायलाच तयार नव्हता. फिरवला की ३५६, ३५२, मग एकदम ३४८. मागं फिरवला की ३५१, परत ३५५. एका खटक्याला कधी तीन अंश, कधी चार, आणि मधेच एखादा खटका उलटाच. तोपर्यंत विमान सांबरा सोडून बैलहोंगलकडं निघालेलं. शेवटी माऊस घेतला आणि स्क्रीनवरच्या नॉबवर चाक फिरवून ३५० केलं. हातानं बनवलेला बॉक्स समोर ठेवून माऊसनं नॉब फिरवायचा, म्हणजे घरात जेवण तयार असताना हॉटेलात जाऊन डोसा खाल्ल्यासारखं.

(सांबऱ्याचं नाव निघालंच आहे तर एक गंमत. जुन्या सिममध्ये आपल्या विमानतळाचा कोड व्हीएबीएम आहे आणि नव्यात व्हीओबीएम. व्हीए म्हणजे मुंबईकडचा भाग, व्हीओ म्हणजे चेन्नईकडचा. कोड बदलून दक्षिणेत गेला. सीमाप्रश्न इथंपण सुटला नाही बघा, आणि आम्हाला कुणी विचारलंपण नाही.)

तर बॉक्स. हा मी दोन वर्षांपूर्वी बनवला, पहिला अवतार कुंद्याच्या पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये होता, खरंच, झाकणाला पाच भोकं पाडून पाच नॉब बसवले होते आणि महिनाभर त्याला तुपाचा वास येत होता. नंतर एमडीएफचा केला. आत प्रो मायक्रो नावाचा बोटभर बोर्ड, तो यूएसबीला लावला की कॉम्प्युटरला वाटतं जॉयस्टिक आली. पाच नॉब म्हणजे हेडिंग, अल्टिट्यूड (उंची), व्हर्टिकल स्पीड (चढायचा-उतरायचा वेग), रेडिओ आणि अल्टिमीटरचं प्रेशर (उंची दाखवणाऱ्या काट्याला द्यायचा हवेचा दाब). प्रत्येक नॉब डावीकडं फिरवला की एक बटण दाबल्यासारखं होतं, उजवीकडं फिरवला की दुसरं. सिमला नॉब वगैरे काही कळत नाही, त्याला फक्त बटणं दिसतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं सगळं रामायण हिच्यावरच आहे.

पहिली चूक मी तीच केली जी सगळे करतात. सिमच्या सेटिंगमध्ये गेलो, सेन्सिटिव्हिटी म्हणून एक पान आहे, त्यात वाकड्या रेघा असतात, त्या ओढून बघितल्या. अर्धा तास ओढल्या. काही फरक नाही. पडणार कसा, ते पान ॲक्सिससाठी असतं, म्हणजे जॉयस्टिकची दांडी, थ्रॉटल, रडर, ज्याच्या आत पोटेन्शिओमीटर किंवा सेन्सर असतो आणि ज्याला सुरुवात आणि शेवट असतो. पंख्याच्या रेग्युलेटरसारखं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. नॉबच्या आत असतो रोटरी एन्कोडर, त्याला टोकच नाही, दिवसभर एकाच बाजूला फिरवत बसा. त्याला आपण कुठं आहोत हे माहीतच नसतं, फक्त "एक पाऊल इकडं" आणि "एक पाऊल तिकडं" एवढंच सांगता येतं. ज्याला जागाच माहीत नाही त्याला वाकडी रेघ लावून काय उपयोग.

आमच्या बाबांकडं जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्याच्या नॉबला आत दोरी गुंडाळलेली असायची आणि दोरीवर काटा सरकायचा. नॉब चांगला तीन-चार वेळा फिरवला की काटा या टोकाचा त्या टोकाला. बाबा सांगलीवरनं धारवाडला जायचे आणि परत सांगलीला यायचे, सकाळी मराठी, संध्याकाळी कन्नड, आणि मधे दोन बोटांत नॉब धरून केसाएवढा मागंपुढं करायचे, की आवाज एकदम स्वच्छ. ती सेन्सिटिव्हिटी दोरीत होती. नॉबच्या दांडीची जाडी आणि मोठ्या चाकाचा व्यास यांच्या हिशेबात. कुणी सेटिंगमध्ये जाऊन स्लायडर ओढत नव्हतं. मला माझ्या बॉक्समध्ये ती दोरी कुठं आहे हेच सापडत नव्हतं.

मग एक जास्तीचा एन्कोडर होता तो पक्कडीनं उघडला. आत काहीच नाही हो. एक गोल चकती, तिच्यावर तांब्याचे पट्टे, आणि वर घासणाऱ्या पितळी पट्ट्या, त्यातली एक कॉमन आणि दोन सिग्नलच्या, त्यांना ए आणि बी म्हणतात. शिवाय एक दातेरी कडं आणि त्याच्यावर दाबून बसलेली स्प्रिंग, खटका येतो तो तिच्यामुळं. सगळी युक्ती अशी की ए आणि बी एकाच वेळी चालू-बंद होत नाहीत, थोडं पुढंमागं होतात. उजवीकडं फिरवलं की आधी ए चालू, मग बी चालू, मग ए बंद, मग बी बंद. डावीकडं फिरवलं की आधी बी. बस, यावरनं दिशा कळते. कागदावर मांडलं तर ००, १०, ११, ०१ आणि परत ००, म्हणजे एका चक्रात चार बदल.

आता इथं खरी मेख आहे. वीस खटक्यांचा जो नेहमीचा एन्कोडर मिळतो त्यात एका खटक्याला हे अख्खं चक्र होतं, म्हणजे चार बदल. तुमचा प्रोग्रॅम जर प्रत्येक बदलाला एक पाऊल मोजत असेल तर हात एक खटका फिरवतो आणि प्रोग्रॅम चार मोजतो. पूर्ण एक फेरा मारला तर वीस अंशाच्या ऐवजी ऐंशी अंश. माझं हेच झालेलं. दोन वर्षांपूर्वी कुठनंतरी कोड उचलला होता, तो चार मोजणारा होता, आणि मी इतके दिवस त्याला "सेन्सिटिव्ह आहे" म्हणून शिव्या देत होतो. सेन्सिटिव्ह कसला, मोजमापच चुकीचं. वाण्याकडं तराजूच पाव किलोला किलो दाखवत असेल तर साखर कमी घालून काय होणार.

म्हणून माझं सांगणं असं की काहीही बदलायच्या आधी मोजा. मोजायला काही लागत नाही. विंडोजमध्ये गेम कंट्रोलरचं जे पान असतं, ज्यात बटण दाबलं की लाल दिवा लागतो, ते उघडा, नॉबला पेनानं एक ठिपका द्या, आणि एकेक खटका सावकाश फिरवा. घरात कुणीतरी मोजायला बसवा. मी आमच्या पोरीला बसवलं, पाचवीत आहे, वहीत रेघा मारत बसली, प्रत्येक पाचवी रेघ आडवी. हेडिंगचा नॉब वीस खटके फिरवला तर वहीत ऐंशी रेघा. अल्टिट्यूड ऐंशी, व्हर्टिकल स्पीड ऐंशी, रेडिओ ऐंशी. प्रेशरचा नॉब वीस खटके, चाळीस रेघा.

"बाबा, हा पाचवा आळशी आहे," पोरगी म्हणाली.

आळशी नव्हता, वेगळ्या जातीचा होता. ज्या ऑनलाईन विक्रेत्याकडनं पाच मागवले होते त्यानं चार एक प्रकारचे आणि एक दुसरा पाठवला होता, बाहेरनं ओळखायलापण येत नाही, फक्त खटके मोजले तर एका फेऱ्यात तीस. या तीसवाल्यात दोन खटक्यांना मिळून एक चक्र असतं, म्हणजे एका खटक्याला दोनच बदल. दोन वर्षं माझ्या डोक्यात होतं की प्रेशरचा नॉब चांगला चालतो आणि बाकीचे चार खराब आहेत. खरं वेगळा तोच होता.

कोडमध्ये अख्खं चक्र झालं की एक पाऊल, असं केलं. सावकाश फिरवला, वीस खटके, वीस रेघा. पोरीनं टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं झालं काम, चहा ठेव. मग जोरात फिरवला.

तेरा.

परत फिरवला, अकरा. परत, पंधरा आणि त्यातले दोन उलट्या बाजूचे. सावकाश फिरवलं की साधू आणि जोरात फिरवलं की चोर.

याचा हिशेब मी रात्री अंथरुणात पडून केला. मी नॉबला जोरात हिसका दिला तर साधारण अर्ध्या सेकंदात एक फेरा होतो. अर्ध्या सेकंदात वीस खटके म्हणजे एका खटक्याला २५ मिलीसेकंद, आणि त्यात चार बदल, म्हणजे प्रत्येकाला जेमतेम सहा मिलीसेकंद. आता माझ्या त्या उचललेल्या कोडमध्ये काय होतं? बटण दाबायचं, पन्नास मिलीसेकंद गप्प बसायचं, बटण सोडायचं. या गप्प बसण्याच्या वेळात बोर्डाला नॉब दिसतच नाही. पन्नास मिलीसेकंदात माझे दोन खटके होऊन जातात आणि बोर्ड डोळे मिटून बसलेला. हातमागावर बसून कुणीतरी प्रत्येक धोट्यानंतर डुलकी काढावी तसं. विणकरांच्या वडगावात वाढलोय, ही उपमा सुचणारच.

आणि उलटे खटके का? तर ती पितळी पट्टी तांब्यावर चढताना थरथरते, एकदा चिकटायच्या ऐवजी पाच-सहा वेळा चिकटते-सुटते, याला बाउन्स म्हणतात, हे एक-दोन मिलीसेकंदांचं काम असतं, कधी जास्त. बोर्डाला वाटतं हा माणूस मागंपुढं करालाय. यावर लोक सांगतात की कोडमध्ये दहा मिलीसेकंद थांबा, थरथर संपली की वाचा. बटणाला हे ठीक आहे. नॉबला दहा थांबलात तर सहा मिलीसेकंदाचा बदल गेलाच की हातातनं. म्हणून मी खडेबाजारात जाऊन १०४ छापलेले कपॅसिटर आणले, चकतीचे, डाळीच्या दाण्याएवढे, आणि ए आणि ग्राउंडच्या मधे एक, बी आणि ग्राउंडच्या मधे एक असे टाकले, वर दहा के (किलोओहम) चा रेझिस्टर पाच व्होल्टकडं. दहा के आणि १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, यांचा गुणाकार एक मिलीसेकंद येतो. बारीक थरथर यात गिळली जाते आणि सहा मिलीसेकंदाचा खरा बदल तसाच पुढं जातो. पाच नॉबचे दहा कपॅसिटर, सोल्डरिंगला एक दुपार, त्यात तासभर लाईट नव्हती तो वेगळा.

ते गप्प बसणंपण काढलं. नॉब इंटरप्टवर घेतला, म्हणजे बोर्ड काहीही करत असू दे, नॉब हलला की आधी तिकडं बघायचं, आणि बटण दाबायचं-सोडायचं काम घड्याळ बघून आपलं आपलं होत राहायचं. जेवढे खटके झाले तेवढे एका रांगेत जमा होतात आणि रांगेतनं एकेक बटण बाहेर पडतं. जोरात फिरवला, वीस. परत, वीस. परत, वीस. त्या दिवशी मी दोन प्लेट पावभाजी खाल्ली.

रात्री परत दाभोळी-सांबरा. डाउनविंडला ०८० वरनं ३५० करायला नॉबला हिसका दिला, हात काढला, आणि आकडा चालतच राहिला. हात मांडीवर, नॉब स्थिर, आणि हेडिंग आपलं एकेक अंश कमी होत चाललंय. बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, भूतबीत आहे काय, बंद करा आधी.

भूत रांगेत होतं. एक बटण मी तीस मिलीसेकंद दाबत होतो आणि तीस सोडत होतो, म्हणजे एका पावलाला साठ, सेकंदाला सोळा पावलं. माझा हात सेकंदाला चाळीस खटके देतो. एका फेऱ्याचे वीस खटके अर्ध्या सेकंदात आत आले, त्या वेळात आठच बाहेर पडले, बारा रांगेत उभे, ते बाहेर पडायला अजून पाऊण सेकंद. चार फेरे मारले तर तीन सेकंद भूत चालतं.

मग दाबायचा वेळ कमी करूया की, तीसच्या जागी दहा? केलं. आता सिम खटके गाळायला लागलं. माझं मशीन जुनं, सेकंदाला पंचवीस फ्रेम (पडद्यावरची चित्रं) मिळतात तेच खूप, घाटावर ढग असले की वीस. पंचवीस फ्रेम म्हणजे एका फ्रेमला चाळीस मिलीसेकंद. बटण दहा मिलीसेकंदात दाबून सुटलं तर दोन फ्रेमच्या मधे कुठंतरी होऊन जातं, सिमनं डोकं वर करून बघेपर्यंत बटण परत जाग्यावर. ज्यांनी तयार कंट्रोलर घेतलेत आणि त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एन्कोडरच्या पल्सचा वेळ (एका खटक्याला बटण किती वेळ दाबलेलं दाखवायचं तो) बदलायची सोय आहे, त्यांनी पहिला हा आकडा बघावा. तुमच्या एका फ्रेमच्या वेळेपेक्षा थोडा जास्त ठेवा. फ्रेम ज्या दिवशी सगळ्यात कमी मिळतात त्या दिवशीच्या हिशेबानं ठेवा, चांगल्या दिवसाच्या नाही. मी पन्नासवर ठेवून बघितला तेव्हा एकही खटका गळला नाही, भूत मात्र अजून लांब चाललं. कमी करावं तर गळती, वाढवावं तर भूत.

त्या रविवारी मामा आले. मामा उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये व्हीएमसी मशीनवर असतात, आयुष्य गेलं लोखंड कापण्यात, दहा वर्षांपूर्वीपर्यंत लेथवर, आता सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर. बेळगावात फौंड्री आणि मशीनशॉपवाल्या घरात एकतरी माणूस असतोच, आमच्यात मामा.

"काय करालास रे?"

"नॉब नीट करालोय मामा. सावकाश फिरवला तर बरोबर, जोरात फिरवला तर काहीही."

मामांनी बॉक्स उचलला, एक नॉब दोन बोटांनी फिरवला, कान लावून खटके ऐकले. म्हणाले, "एमपीजी आहे की हा. लहान."

एमपीजी म्हणजे सीएनसी मशीनला हातानं सरकवायचं चाक, तळहाताएवढं, एका फेऱ्याला शंभर खटके. आणि त्याच्या शेजारी एक स्विच असतो, गुणिले एक, गुणिले दहा, गुणिले शंभर. एकवर ठेवला तर एका खटक्याला मशीन एक मायक्रॉन सरकतं, दहावर दहा मायक्रॉन, शंभरवर एका खटक्याला ०.१ मिलीमीटर. लांब जायचं असलं की शंभरवर टाकून भराभर, जॉबच्या (कापायच्या तुकड्याच्या) जवळ आलं की दहा, टेकवायच्या वेळी एक.

"तू सगळं एकाच चालीत करायला बघालास," मामा म्हणाले. "हात किती जोरात फिरवणार? हाताला जोर लावायला लावायचाच नाही. खटका तोच, पाऊल मोठं करायचं."

मी म्हटलं मामा, हे ॲक्सिलरेशननं करतात, सॉफ्टवेअर वेग बघतं, हळू फिरवला तर एक, जोरात फिरवला तर दहा. मामा हसले. "आमच्यात असं केलं असतं तर रोज एक टूल मोडलं असतं. हात थरथरला, शिंक आली, की गेलं जॉबमध्ये."

मी ऐकून घेतलं आणि तरीपण ॲक्सिलरेशन लावून बघितलंच. त्यासाठी आधी बटणांचा मार्गच सोडला, कारण दहाचं पाऊल बटणांनी द्यायचं तर दहा वेळा दाबायला लागणार, म्हणजे एका खटक्याला सहाशे मिलीसेकंद, मग भूत नाही, अख्खी वरात. त्याच प्रो मायक्रोवर मोबीफ्लाइटचं फर्मवेअर (बोर्डाच्या आत चालणारा प्रोग्रॅम) टाकलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे. यात बोर्ड जॉयस्टिक असल्याचं नाटक करत नाही, कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम बोर्डाकडनं खटका घेतो आणि सिमला सरळ सांगतो की आत्ताच्या हेडिंगमध्ये एक मिळव, किंवा दहा मिळव. दाबणं-सोडणं नाही, फ्रेमची भानगड नाही, रांग नाही. आणि एन्कोडर निवडताना तो विचारतोच की तुझ्या एन्कोडरला एका चक्रात किती खटके, एक, दोन की चार. जे मी दोन रविवार वहीत रेघा मारून शोधलं ते तिथं एका यादीत लिहिलेलं होतं. असू दे, मोजलं नसतं तर त्या यादीतलं काय निवडायचं हे तरी कुठं कळलं असतं.

मोबीफ्लाइटमध्ये हळू आणि जलद अशा दोन वेगळ्या घटना मिळतात, जलदला दहा लावलं. दुपारी छान वाटलं. संध्याकाळी फायनलच्या आधी २६० वरनं २५७ करायचं होतं, वारं आडवं होतं, घाईत तीन खटके पटकन टाकले, त्यातला तिसरा जलद धरला गेला, आणि विमान डावीकडं कलंडलं, २४८. मामांना फोन करून सांगितलं नाही, खरं मनात त्यांचाच आवाज आला.

घाईच्या वेळीच माणूस जोरात फिरवतो आणि घाईच्या वेळीच बारीक पाऊल पाहिजे असतं. वेगावरनं मनातलं ओळखणारं सॉफ्टवेअर तिथंच चुकतं. खऱ्या एअरबस ए३२० मध्ये अल्टिट्यूडच्या नॉबभोवती एक कडं असतं, त्यावर १०० आणि १००० लिहिलेलं, कडं फिरवून ठरवायचं की एका खटक्याला शंभर फूट की हजार. मामांचा एमपीजीच आहे तो. लहान विमानांतल्या गार्मिन जी१००० या स्क्रीनच्या पॅनेलमध्येपण अल्टिट्यूडचा नॉब दुहेरी, बाहेरचा हजाराचा, आतला शंभराचा. मोठं पाऊल हवं की लहान, हे दोन्हीकडं पायलटच हातानं सांगतो.

माझ्याकडं दुहेरी नॉब नाही, पण या एन्कोडरची दांडी दाबली की आत एक बटण असतं, ते इतके दिवस फुकट पडून होतं. पहिला विचार असा की एकदा दाबलं की दहा, परत दाबलं की एक. मामांनी फोनवरच हाणून पाडलं, म्हणाले शंभरवर विसरलेला स्विच हा वर्कशॉपमधला सगळ्यात महाग स्विच असतो. मग असं केलं की दाबून धरून फिरवलं तर दहा आणि सोडून फिरवलं तर एक. विसरायचा प्रश्नच नाही, हात सुटला की आपोआप बारीक. बटण दाबलं की एका व्हेरिएबलमध्ये १ टाकायचा, सोडलं की ०, आणि नॉबच्या दोन कॉन्फिगमध्ये प्रीकंडिशन, म्हणजे हा आकडा असेल तरच चाल अशी अट, लावायची, एवढंच. ३६० ओलांडलं की परत सुरुवातीपासनं मोजायचं तेवढं सूत्रात लिहायला विसरू नका, मी विसरलो होतो आणि हेडिंग ३७० झालं होतं.

आता ०८० वरनं ३५० म्हणजे दाबून डावीकडं नऊ खटके. अल्टिट्यूडला तर फारच सुख. सांबऱ्याची जमीनच समुद्रसपाटीपासनं जवळजवळ अडीच हजार फूट, तिथनं साडेनऊ हजारला जायचं तर शंभराच्या पावलानं सत्तर खटके, साडेतीन फेरे. हजाराच्या पावलानं सात.

एक अडचण राहिली. दाबून धरून फिरवायचं म्हणजे बोटांना चांगली पकड पाहिजे आणि माझे नॉब प्लॅस्टिकचे, बारा-पंधरा मिलीमीटरचे, गुळगुळीत. दाबलं की बोट घसरायचं आणि एखादा खटका जास्त पडायचा. मामा पुढच्या रविवारी आले ते शर्टाच्या खिशात कागदाच्या पुडीत काहीतरी घेऊन. ॲल्युमिनियमचा नॉब, बत्तीस मिलीमीटरचा, कडेला नर्लिंग (पकडीसाठी खरखरीत खाचा) केलेलं, हिऱ्याच्या आकाराचं, हात लावला की बोट चिकटून बसतं. मधे सहा मिलीमीटरचं भोक आणि बाजूनं ग्रब स्क्रू. उरलेल्या रॉडच्या तुकड्यातनं जेवणाच्या सुट्टीत काढला म्हणे. तो बसवला आणि पहिल्यांदा फिरवला तेव्हा कळलं की व्यास वाढला की हाताला तेच खटके लांब-लांब लागतात. बोट जास्त अंतर चालतं, म्हणून एकच खटका टाकून थांबणं सोपं जातं. कोडमध्ये एक अक्षर न बदलता नॉब बारीक झाला. बाबांच्या रेडिओतली दोरी हीच की.

त्याच दिवशी मामांना खुर्चीत बसवलं. डाउनविंडवर विमान आणून दिलं, म्हटलं आता ३५० करा. त्यांनी चष्मा वर सरकवला, नॉब दाबला, नऊ खटके मोजले तोंडानं, सोडला. ३५०. मग २६० ला परत नऊ. रनवे समोर आला, थ्रॉटल मी सांभाळला, उतरलो कसेबसे, एकदा उडी मारून.

"आता थांबव की हे," मामा म्हणाले.

ब्रेक या बॉक्सवर कुठंच लावलेला नव्हता. कीबोर्ड सोफ्यावर होता, पोरीच्या वहीखाली. रनवे संपून आम्ही गवतात.

पाचवा नॉब तसाच आहे, तीस खटक्यांचा. बदलणार होतो, मग म्हटलं राहू दे. मोबीफ्लाइटमध्ये त्याला मुद्दाम एका चक्राला एकच पाऊल असा लावला, म्हणजे दोन खटक्यांना एक हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं माप). प्रेशर कुणाला घाईनं बदलायचंय. काल १०१३ वरनं १००६ ला आलो, चौदा खटके, शेजारी बसून पोरगी मोजत होती, आणि दहाव्याला म्हणाली, "सांगितलं होतं ना, आळशी आहे."